तिनं घेतलेला निर्णय मोडू नका

मराठी वाहिन्यांवर काय दाखवायचं हे ठरवणारे अधिकारी, मालिकांचे निर्माते आणि पटकथा-संवाद लिहिणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे तक्रारीचं पत्र नाही. निदान अर्धं तरी नाही. मराठी मालिकांना नावं ठेवणं हा आमच्याकडे सुशिक्षितपणाचा दाखला समजला जातो, आणि ज्यांनी गेल्या दहा वर्षांत एक भाग धड पाहिलेला नाही ते त्यावर सगळ्यात ठासून बोलतात. मी पाहते. रोज पाहते, आवडीनं पाहते, आणि ऑफिसात कुणी भुवया उंचावल्या तर "सासूबाई लावतात, मग दिसतं" अशी पळवाट काढत नाही. सासूबाई लावतात हे खरं. पण त्या झोपायला गेल्यावरही आमचा टीव्ही चालूच असतो.

मी पाहते ती तुमच्या मोठ्या बायकांसाठी. मोठ्या म्हणजे वयानं. ज्यांची लग्नं होऊन गेलीत, काहींची मोडलीत, मुलं उलट बोलायच्या वयाची झालीत आणि जिना चढताना कठड्याला हात जायला लागलाय. बावीस वर्षांच्या नायिकेचं लग्न ठरतं की मोडतं यात मला फारसा रस नाही. ते कधी ना कधी लागणारच असतं, आणि त्याआधी आठवडाभर तुम्ही मेंदी-हळद-संगीत दाखवणारच असता. पन्नाशीच्या बाईचं पुढे काय होणार हे मात्र खरोखरच माहीत नसतं. तिचं तिलाही नसतं. गोष्ट म्हणून मला तेच जास्त थरारक वाटतं.

ही आवड मला तुम्हीच लावलीत. 1999 साली अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली आणि 'आभाळमाया'तली सुधा जोशी घरी यायला लागली. कॉलेजात शिकवणारी, मुली वाढवणारी, नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाचा सगळा विचका समोर असताना डोकं ताळ्यावर ठेवणारी. सुकन्या कुलकर्णींच्या तोंडी ओरडण्याचे प्रसंग फार नव्हते, तरी त्या बोलायला लागल्या की आमच्या घरातले पुरुषही वर्तमानपत्र खाली ठेवायचे. मग मृणाल कुलकर्णींची 'अवंतिका' आली. मग 'वादळवाट'मधली वकील रमा चौधरी. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं तेव्हा लॉ कॉलेजचा फॉर्म भरला, तो अदिती सारंगधरमुळेच असं तिची आई अजून सांगते. मुलगी मान्य करत नाही, पण तिच्या ऑफिसात खुर्चीच्या पाठीवर काळा कोट टाकायची पद्धत मला भलतीच ओळखीची वाटते.

आणि मग अरुंधती. 'आई कुठे काय करते' डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली, मूळ बंगाली 'श्रीमयी'वरून. हिंदीतली 'अनुपमा' आपल्यानंतर, 2020 मध्ये आली, हे मी हिंदी मालिका पाहणाऱ्या मैत्रिणींना मुद्दाम ऐकवते. मधुराणी प्रभुलकरांच्या अरुंधतीत मला सगळ्यात काय आवडलं असेल तर ती उत्तर द्यायला वेळ घ्यायची. समोरचा नवरा अनिरुद्ध ताडताड बोलून मोकळा व्हायचा, सासू कांचनबाई मध्येच एक टोमणा टाकायच्या, आणि ही नुसती बघत राहायची. आमच्या सासूबाई त्या वेळी टीव्हीला म्हणायच्या, "बोल आता. गिळू नकोस." आणि एके दिवशी ती खरंच बोलायला लागली. अनिरुद्ध जिच्यात गुंतला त्या संजनाला तुम्ही नुसती घरफोडी बाई ठेवली नाहीत, हेही छान केलंत. नोकरी करणारी, तोंडाळ, चुकलेली, आणि नंतर त्याच घरात अरुंधतीच्याच जागी उभी राहिल्यावर तिला काय काय सोसावं लागत होतं ते आतून कळलेली बाई. त्या दोघी एकमेकींशी बोलायच्या ते प्रसंग मी पुन्हा मोबाइलवर पाहायचे.

घटस्फोटाचा ट्रॅक चालू होता तेव्हाचं एक सांगते. मी मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टला. संध्याकाळी लोकलच्या लेडीज डब्यात अरुंधतीनं सही करावी की नाही यावर मशीद बंदरपासून वादावादी सुरू व्हायची. एक गट "मुलांसाठी राहा" वाल्यांचा. दुसरा गट "मुलं आता घोडे झालेत" वाल्यांचा. एक बाई भायखळ्याला चढायच्या, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसायच्या, कानात काही न घालता खिडकीबाहेर बघत उभ्या. त्या दिवशी वाद अगदी रंगात आला असताना त्यांनी मध्येच विचारलं, "मुलुंडला वन रूम किचनचं डिपॉझिट सध्या काय चाललंय?" हा प्रश्न अरुंधतीसाठी नव्हता, हे कळायला डब्याला दादर लागलं. मग मात्र कुणी खोदून विचारलं नाही. घाटकोपर येईपर्यंत त्यांच्या मोबाइलमध्ये तीन एजंटांचे नंबर होते आणि एकटीला जागा द्यायला खळखळ न करणाऱ्या सोसायट्यांची नावंही.

तुमची मालिका कुठवर जाते हे तुम्हाला गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून सांगितलं.

'अग्गंबाई सासूबाई'बद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं, कारण आमच्या घरात तो नाजूक विषय आहे. 2019 मध्ये आलेली ही मालिका. निवेदिता सराफांची आसावरी, सासऱ्यांच्या आवाजानं दचकणारी, लाडावलेल्या मुलाच्या, बबड्याच्या पुढेपुढे करणारी विधवा. आणि तिचं दुसरं लग्न लावायला कोण उभं राहतं, तर सून शुभ्रा. गिरीश ओकांचे अभिजित राजे स्वयंपाक करणारे, म्हणजे आसावरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आयतं वाढणार होतं. माझ्या सासूबाईंना वैधव्य आलं तेव्हा माझा नवरा शाळेत होता. लग्नाचा भाग होता त्या संध्याकाळी त्या कपाटातली इस्त्रीची साडी नेसून टीव्हीसमोर बसल्या. मी काही विचारलं नाही. चहा मात्र त्या दिवशी मी बशीसकट नेऊन दिला.

बायका नुसत्या सोशिक आणि सद्गुणी असाव्यात असंही माझं म्हणणं नाही. उलट मला तुमच्या खलनायिका आणि करड्या सासवा फार प्रिय आहेत. 'असंभव'मधली नीलम शिर्केंची सुलेखा आठवली की अजून अंगावर काटा येतो. 'पुढचं पाऊल'मध्ये हर्षदा खानविलकरांच्या अक्कासाहेब दिवाणखान्यात आल्या की आमच्याकडे पाय सोफ्यावरून खाली यायचे. आणि कविता मेढेकरांची गंमत बघा: 'चार दिवस सासूचे'मध्ये वर्षानुवर्षं रोहिणी हट्टंगडींची सून, आणि 2023 मध्ये 'तुला शिकवीन चांगलाच धडा'त स्वतः आईसाहेब भुवनेश्वरी. ज्या प्रेक्षक बायका तेव्हा स्वतः सुना होत्या, त्याही मधल्या काळात सासवा झाल्या. एका नटीचं वय असं प्रेक्षकांच्या वयाबरोबर वाढताना बघायला मिळणं, हे सिनेमाला जमलेलं नाही. ते तुम्हाला जमतं. याबद्दल तुमचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून मी करते.

आता उरलेलं अर्धं पत्र.

तुम्ही बाईला निर्णय घेऊ देता. अगदी ढोल-ताशे वाजवून घेऊ देता. आठवडाभर प्रोमो, रविवारी महाएपिसोड, वाऱ्यावर उडणारा पदर, एकच चेहरा तीन कोनांतून तीनदा. आणि दोन महिन्यांत तोच निर्णय हळूच मागच्या दारानं काढून घेता. निर्णय चुकला असं तुम्ही म्हणत नाही. तो घेतलाच नव्हता असं सगळे वागायला लागतात.

शुभ्राचंच बघा. सासूच्या लग्नासाठी सबंध घराशी भांडलेली, स्वतःच्या नवऱ्याला त्याची जागा दाखवणारी ही मुलगी. 2021 मध्ये 'अग्गंबाई सूनबाई' आली आणि तीच शुभ्रा बुजरी, घाबरी, स्वतःवरचा विश्वास गमावलेली झाली. कलाकार बदलले ते समजू शकते, अडचणी असतात. पण पाठीचा कणा का बदललात? आसावरीला उद्योगाची मालकीण केलंत, चांगलं केलंत. मग एका घरात दोन ताठ बायका राहू शकत नाहीत, असं काही तुमच्या कागदावर लिहिलेलं आहे का?

'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका सुभेदार. नागपूरची, मसाल्यांचा धंदा शून्यातून उभा करणारी. अनिता दातेंनी ती अशी केली की आमच्या ऑफिसातल्या विदर्भातल्या दोघी कॉलर ताठ करून फिरायच्या. मला तिचा धंदा बघायचा होता. मिरचीचा भाव वाढला तर ती काय करते, उधारी कशी वसूल करते, कामाला ठेवलेल्या बायकांचा पगार एखाद्या महिन्यात थकला तर त्यांच्या नजरेला नजर कशी देते. पण तुमचा कॅमेरा फिरून फिरून तिचा नवरा गुरुनाथ आज कुणाबरोबर आहे तिकडेच. जो माणूस तिच्या आयुष्यातून जायला हवा होता, तो मालिकेतून जायलाच तयार नाही.

अरुंधतीचं तर विचारूच नका. घटस्फोट झाला, पुन्हा लग्न झालं, गाणं सुरू झालं, आणि तरी आधीच्या सासरी, देशमुखांच्या 'समृद्धी' बंगल्यात कुणाला शिंक आली की निस्तरायला हीच हजर. शेवटी तिच्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला मारून टाकलंत आणि मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला नेलीत. अडीचला आम्ही नोकरीवर असतो हो. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ती संपली तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी हुश्श झालं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तुम्ही म्हणाल, "बाई, तुम्हाला काय कळतंय? आकडे बघावे लागतात." मी लेखा विभागात काम करते, आकड्यांशी माझं बरं जमतं. याच अरुंधतीची मालिका कितीतरी आठवडे मराठीत पहिल्या नंबरावर होती. कधी होती? जेव्हा ती घराबाहेर पडत होती तेव्हा. प्रेक्षकांना हेच हवं असतं, असं तुम्ही नेहमी म्हणता. ते बरोबरच आहे, पण प्रेक्षकांनी तिला दाराबाहेर पाऊल टाकताना पाहण्यासाठी टीव्ही लावला होता. त्या पायाखालून रोज उंबरा मागे सरकवत राहिलात, तर कधीतरी लोक चॅनेल बदलणारच. मग अहवालात तुम्ही लिहिणार की प्रौढ नायिकांच्या गोष्टी चालत नाहीत. पुढच्या मालिकेत नायक चाळिशीचा आणि नायिका विशीची. तोही प्रयोग 'तुला पाहते रे'मध्ये करून झालाय. मी पाहिली. सुबोध भावे मला आवडतात, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या त्या विक्रांत सरंजामेच्या वयाच्या बाईलाही कधी प्रेमात पडावंसं वाटत असेल की नाही? 'तू तेव्हा तशी'मध्ये शिल्पा तुळसकरांना तसं करू दिलंत, तेव्हा आमच्या डब्यात दोन आठवडे केस रंगवायचे की तसेच ठेवायचे यावर चर्चा चालली होती.

घर सोडलेल्या बाईचं पुढे दाखवण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तिला परत आणावं लागतं, अशी तुमची अडचण असेल तर ती मला खरी वाटत नाही. मुंबईत राहून तर अजिबातच नाही. भायखळ्याला चढणाऱ्या त्या बाईंना विचारा. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, पोलीस पडताळणी, सोसायटीच्या सेक्रेटरीचा "मिस्टर काय करतात?" हा प्रश्न, आणि दर अकरा महिन्यांनी हे सगळं पुन्हा. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात एक दिवस बसा. तिथे दहा मिनिटांत जेवढं नाट्य घडतं तेवढं दोन मालिका एकत्र आणणाऱ्या तुमच्या महासंगममध्ये नसतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबायचं असतं. ही अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलंय. म्हणजे थांबायचं की अर्ज करायचा, हाच केवढा मोठा प्रसंग आहे! सहा महिने थांबलेल्या बाईकडे त्या सहा महिन्यांत किती जण काय काय सांगून जातात, ते लिहा ना.

पैशाचं तर तुम्ही नावच काढत नाही. तुमच्या बायका दागिने उतरवून टेबलावर ठेवतात आणि निघून जातात. स्वाभिमान म्हणे! अहो, ते स्त्रीधन आहे, कायद्यानं तिचं आहे. लॉकर जॉइंट आहे का, पॉलिसीवर नॉमिनी कोण, पीएफवर कुणाचं नाव लागलंय, घराच्या कर्जात ती सहकर्जदार आहे म्हणून घर सोडलं तरी हप्ता तिच्याही डोक्यावर आहे का, हे प्रश्न आमच्या ऑफिसात रोज कुणी ना कुणी दबक्या आवाजात विचारतं. महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, एप्रिल 2021 पासून. इतक्या वर्षांत तुमच्या एकाही नायिकेनं ती घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मुंबईतल्या घराच्या किमती बघता हा एक टक्का म्हणजे सबंध स्वयंपाकघर नवं होईल.

यावर तुमचे लेखक म्हणतील की हे रुक्ष होईल. नाही होणार. 'रुद्रम' आठवतेय का? 2017, झी युवा. गिरीश जोशींचं लेखन, मुक्ता बर्वेची रागिणी. नवरा आणि मुलगा गमावलेली बाई, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, झोप उडालेली, आणि एकच ध्यास: हे कुणी केलं. तिला सुंदर दिसायची सक्ती नव्हती, गोड बोलायची नव्हती, कुणाची सून म्हणून शोभायची नव्हती. आणि मुख्य म्हणजे काही महिन्यांत गोष्ट संपली. संपली म्हणून आज इतक्या वर्षांनी लक्षात आहे. तिनं ठरवलं ते तिला कुठवर घेऊन गेलं हे आम्ही पाहिलं, मधेच कुणी तिला हाताला धरून मंगळागौरीला नेलं नाही. मंगळागौरीवर माझा राग नाही, झिम्मा मलाही येतो. पण सूड उगवायला निघालेल्या बाईला थोडं मोकळं सोडावं.

तुमच्या कामाची मला थोडीफार कल्पना आहे. मुलुंडचा टोलनाका ओलांडला की घोडबंदर रोडला तुमचे सेट. भाचीची मैत्रीण तिथे कपडेपटात असते, तिच्याकडून कळतं: बारा बारा तासांची शिफ्ट, सकाळचा सीन सकाळीच हातात पडतो, आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली, आणि वरून फोन येतो की ट्रॅक बदला. अशात पन्नाशीच्या नट्या एका टेकमध्ये असा काही प्रसंग उभा करतात की पाहणाऱ्यानं हातातलं लाटणं खाली ठेवावं. मग त्या कष्टांचं चीज होईल असं तरी लिहा. निवेदिताताई, मधुराणी, हर्षदाताई, मुक्ता, शिल्पा, कविताताई, सुकन्याताई... एवढी खाण आपल्याकडे असताना त्यांना तुम्ही दारामागे उभं राहून चोरून ऐकण्याचं काम देता, तेव्हा मला मनापासून चीड येते.

तेव्हा मागणं एवढंच. एक गोष्ट घ्या. बाई पंचेचाळीसच्या पुढची. तिला एक निर्णय घेऊ द्या: नोकरी सोडायचा, नोकरी धरायचा, लग्न मोडायचा, करायचा, आईवडलांचं घर विकायचा, मुलाला वेगळं राहायला सांगायचा, कसलाही. चुकीचासुद्धा चालेल. मग तो निर्णय तिच्याकडेच राहू द्या आणि पुढचे शंभर भाग त्याचे परिणाम दाखवा. ती एकटी जेवताना कंटाळेल, गॅस सिलिंडर संपेल, मुलगी आठवडाभर फोन उचलणार नाही, पहिल्या पगारात एसी घ्यायचा की डिपॉझिट भरून काढायचं यावर ती रात्रभर जागेल, एखादा बरा पुरुष ऑफिसात चहा विचारेल आणि ती नाही म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी हो म्हणेल. मैत्रिणी द्या तिला. सख्ख्या, खऱ्या, कारस्थान न करणाऱ्या. आणि शंभर भाग झाले की संपवा. एकदम काही वर्षं पुढे नेणारा लीप नको, जुळी बहीण नको, स्मृतिभ्रंश तर मुळीच नको.

वेळ मात्र रात्रीची द्या. साडेआठनंतरची. तोवर आमची गाडी मुलुंडला लागलेली असते.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
मुलुंडची एक नियमित प्रेक्षक

ता. क. नायिकेच्या नावावर घर करायचं खरंच ठरलं, तर नोंदणीच्या दिवशी आधार, पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार म्हणून नवऱ्याला उभं करू नका. शेजारीण चालते.